फुगतं किती ते नको, रिकामं कसं होतं ते बघ

ओपन वॉटरचं कार्ड हातात आलं, आता स्वतःचं बीसीडी, म्हणजे डाइव्हिंगचं हवा भरायचं जॅकेट, घ्यायचं म्हणतेस. अवश्य घे. दुकानदार आधी लिफ्टचे, म्हणजे जॅकेट किती वजन तरंगवू शकतं त्याचे, आकडे सांगेल, मग खिसे दाखवेल. सगळं ऐकून घे, पण काकाची एक गोष्ट मनाशी पक्की धर. जॅकेट फुगतं किती हे विचारू नकोस, ते रिकामं किती सहज होतं ते बघ.

त्याचं कारण तू कोर्समध्ये शिकली आहेसच, फक्त खरेदीच्या वेळी ते आठवत नाही. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे जॅकेटमध्ये 3 लिटर हवा असेल, तर वर येईपर्यंत तिची 6 लिटर होते, आणि तू बटणाला हात न लावता जवळपास 3 किलोंनी हलकी होतेस. हलकी झालीस की वेग वाढतो, वेग वाढला की हवा आणखी भराभर फुगते. सगळ्यात जास्त ओढ लागते ती शेवटच्या 10 मीटरमध्ये, आणि तिथेच श्वास रोखला तर फुप्फुसं फाटू शकतात. त्या वेळी उपयोगी पडते ती हवा सोडायची झडप.

मालवणला कोर्सच्या आधी तू जी पर्यटकांची डाइव्ह केलीस, तिचा अनुभव इथे धरू नकोस. तेव्हा सिलिंडरची मान धरून इन्स्ट्रक्टर मागे होता, हवा भरणं-सोडणं सगळं त्याच्या हातात होतं.

दुकानात जाताना वेटसूट बरोबर ने आणि जॅकेट सुटावरच चढव. डाव्या खांद्यावरची इन्फ्लेटरची नळी हातात घे, डोळे मीट. भरायचं बटण कोणतं, सोडायचं कोणतं, हे नुसत्या अंगठ्याला कळलं पाहिजे. दोन्ही बटणं सारख्याच आकाराची आणि एकमेकांना खेटून असतील तर ते जॅकेट खाली ठेव. मग उजव्या खांद्यावरच्या झडपेची दोरी शोध. मग पाठीमागे कमरेजवळची, बहुतेक जॅकेटांना ती उजव्या बाजूला असते. ही खालची झडप फार कामाची. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाते. डोकं खाली करून कोरलजवळ काही बघत असशील तेव्हा खांद्याच्या झडपेतून काहीच निघणार नाही, त्या वेळी ढुंगण जरा वर करून हीच दोरी ओढायची. तिचा गोटा हाताला लगेच लागला पाहिजे, चाचपडावं लागता कामा नये.

यानंतर जॅकेट पूर्ण फुगवायला सांग, जादा दाबाची झडप फुस्स करेपर्यंत. आता छाती भरून श्वास घे. छाती आवळली, बरगड्या दाबल्या, तर माप चुकलं. हात वर कर, कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर उचलायला सांग. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यावर तरंगतानाही ते तसंच सरकणार. तुझी पाठ आखूड आहे, पुरुषांच्या मापाचं स्मॉल तुला कमरेखाली उतरेल. बायकांच्या मापाचं मागून घे, छातीवरचा पट्टा वर-खाली करता येतो का ते बघ.

लिफ्टचा हिशेब तुझा तूच कर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 11 लिटरचा अल्युमिनियमचा सिलिंडर मिळतो. 200 बारला त्यात जी हवा असते तिचं वजन साधारण अडीच किलो, म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला तू तेवढी जड असणार. 3 मिलिमीटरचा सूट खोलवर दबतो, त्याचे आणखी एक-दोन किलो धर. पृष्ठभागावर डोकं नीट पाण्याबाहेर राहावं म्हणून थोडी भर. 12 किलो लिफ्ट तुला पुरून उरेल. 20 किलोचं पोतडं घेतलंस तर आतली हवा डावी-उजवीकडे पळत राहील आणि तू कलंडत राहशील. उद्या स्कॉटलंडच्या थंड पाण्यात जाड सूट आणि स्टीलचा सिलिंडर घेऊन उतरायचं ठरलं, तर हिशेब नव्याने मांडायचा.

मुळात ज्यांना जास्त लिफ्ट लागते, त्यांच्यापैकी बरेच जण कमरेला शिसंच जास्त बांधून उतरतात. खरेदीच्या आधी भाड्याच्या जॅकेटवर शिसं नक्की कर. डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये 50 बार उरलेले असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करून सरळ उभी राहा. नेहमीचा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांशी यावं आणि सोडल्यावर तू हळूच बुडावीस, इतकंच शिसं हवं.

जॅकेट की विंग, यावर बोटीवर तासन्‌तास वाद चालतात. माझं मत सांगतो. विंगमध्ये हवा पाठीमागे राहते, पोट-छाती मोकळी, अंग आडवं राहतं आणि हवा लवकर निघते, म्हणून मी तिच्या बाजूचा. पण पृष्ठभागावर ती जास्त फुगवली तर तोंडावर ढकलते. कमी भरायची आणि जरा मागे रेलायचं. लाटांत बोटीची वाट बघताना साधं जॅकेट जास्त आरामाचं, हे मान्य. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायची हमी मात्र दोन्हींतलं एकही देत नाही, त्याला लाइफ जॅकेट समजू नकोस.

घेतलंस की सांभाळ. दर दिवसाअखेर इन्फ्लेटरच्या तोंडातून गोडं पाणी आत ओत, हलव, उलटं करून सगळं काढ. आत सुकलेलं मीठ पिशवी कापतं. मग अर्धवट फुगवून सावलीत टांग. जूनपासून कोकणातल्या डाइव्ह बंद होतात, त्या महिन्यांत कपाटात कोंबून ठेवलंस तर बुरशी धरेल.

मीठ-वाळूने भरायचं बटण अडकतं आणि हवा आपोआप आत येत राहते. तेव्हा एका हाताने सोडायचं बटण दाबून नळी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने लो-प्रेशर होजची कडी मागे खेचून तो काढून टाकायचा. दुकानात होज दाबाखाली जोडून घे आणि हे करून बघ, हातमोजे घालूनही. काही जॅकेटांच्या कड्या इतक्या लहान आणि गुळगुळीत असतात की ओल्या बोटांना पकडच मिळत नाही. तसली असेल तर पैसे देऊ नकोस, दुसरं काढायला सांग.