बॅटरी उलटी जोडली गेल्यास : वाहनातील विद्युत् दोषांचा शोध व दुरुस्ती

माळव्याच्या काळ्या जमिनीत पहिला पाऊस मुरल्यानंतर पेरणीसाठी मिळणारा वाफसा फार थोडे दिवस टिकतो. देवास जिल्ह्यातील पीपलरावांसारख्या गावी याच दिवसांत सोयाबीनच्या पेरणीसाठी ट्रॅक्टर एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरत असतो. उन्हाळ्यात काढून ठेवलेली बॅटरी घाईने परत बसविताना तिची दोन टोके उलटी जोडली गेली, तर मोठी ठिणगी उडते, तारेतून धूर निघतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो. चूक एका क्षणाची असते. परंतु वाफसा दुरुस्तीसाठी थांबत नाही.

धार व देवास ही पवार घराण्यांची जुनी संस्थाने ज्या माळव्यात होती, त्याच माळव्यात आज वाहननिर्मितीचा व्यवसायही भरभराटीस आला आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे वाहनांचे कारखाने आहेत आणि वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेल्या ११.३ किलोमीटर लांबीच्या द्रुतगती मार्गाचे २०२१ मध्ये तेथेच उद्घाटन झाले. तथापि शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला कारखाना जवळ असल्याचा उपयोग होत नाही. तेथे चालकाला स्वतःच विचार करावा लागतो. उलट्या जोडणीच्या पहिल्या क्षणी होणारे नुकसान बहुधा मर्यादित असते. फ्यूजच्या जागी जाड तार घालून पुन्हापुन्हा चावी फिरविल्याने ते वाढत जाते. म्हणून दोष शोधण्याचा क्रम माहीत असणे महत्त्वाचे आहे.

चूक कशी घडते

शिसे व गंधकाम्ल यांच्या ज्या घटावर आजची वाहने चालू होतात, तो फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केला. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असे ६ घट एकामागून एक जोडलेले असतात. एका टोकास धन (+) व दुसऱ्यास ऋण (–) अशी खूण असते. बहुतेक बॅटऱ्यांत धन टोकाचा खांब ऋण टोकाच्या खांबापेक्षा किंचित जाड असतो. परंतु टोकांवर क्षार साचला, खुणा पुसल्या गेल्या, तारांचे रंग धुळीने झाकले गेले किंवा टोकांची जागा उलट असलेली दुसरी बॅटरी आणली गेली, म्हणजे चूक होण्यास वेळ लागत नाही.

याशिवाय एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजच्या वाहनांत ऋण टोक सांगाड्यास जोडलेले असते. त्यास अर्थ म्हणतात. परंतु ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत व मोटारींत धन टोक सांगाड्यास जोडण्याची पद्धत होती. जुने वाहन विकत घेतले असल्यास पुस्तिका पाहून ही गोष्ट आधी निश्चित करावी. केवळ सवयीवर विसंबून राहू नये.

नेमके काय बिघडते

अल्टरनेटरमध्ये निर्माण होणारा प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारा असतो. तो एकदिश करण्यासाठी त्यात सामान्यतः ६ डायोड बसविलेले असतात. डायोड हा विजेच्या मार्गातील एकतर्फी दरवाजा होय. बॅटरी योग्य रीतीने जोडलेली असता हा दरवाजा बॅटरीतील प्रवाहास अडवून धरतो. बॅटरी उलटी जोडली की तोच दरवाजा सताड उघडतो आणि बॅटरीच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ काहीच रोध उरत नाही. अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. मुख्य फ्यूज आधी वितळला, तर डायोड वाचण्याचा संभव असतो. फ्यूज नसेल किंवा त्या जागी जाड तार असेल, तर डायोड व तारा जळतात.

“चावी बंद होती, मग बिघाड कसा झाला?” असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अल्टरनेटरची मुख्य तार सामान्यतः चावीच्या कक्षेबाहेर, थेट बॅटरीकडे गेलेली असते. म्हणून चावी बंद असणे हे येथे संरक्षण ठरत नाही.

डायनॅमो असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत गोष्ट निराळी घडते. इंजिन थांबलेले असताना कट्-आउट डायनॅमोला बॅटरीपासून अलग ठेवतो. त्यामुळे लगेच काहीच जाणवत नाही. इंजिन चालू होऊन कट्-आउट मिटला की विरुद्ध दिशेचे दोन दाब एकत्र येतात, प्रचंड प्रवाह वाहतो आणि कट्-आउटची संपर्कटोके जळतात किंवा एकमेकांस चिकटून बसतात.

फसवी लक्षणे

उलटी जोडणी झाली असताही काही भाग नीट चालतात. दिव्याच्या तारेतून प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी ती सारखाच प्रकाश देते. साधा भोंगाही वाजतो. विशेष म्हणजे, वेटोळ्यांचे चुंबकीय क्षेत्र असलेला स्टार्टर त्याच दिशेने फिरतो. कारण क्षेत्र व आर्मेचर या दोहोंतील प्रवाह एकाच वेळी उलट होतात. डिझेल इंजिनास ठिणगीची गरज नसल्याने डायनॅमोचा जुना ट्रॅक्टर चालूही होतो. म्हणून दिवा, भोंगा व स्टार्टर या तिघांच्या साक्षीवर विसंबून “जोडणी बरोबर आहे” असा निष्कर्ष काढू नये. व्होल्टमीटरचीच साक्ष ग्राह्य मानावी.

प्रथम काय करावे

१. चूक लक्षात येताच सांगाड्याकडे जाणारी तार प्रथम सोडवावी व नंतर दुसरी. तार तापली असल्यास उघड्या हाताने धरू नये. कोरडे जाड कापड किंवा लाकडी मुठीची पक्कड वापरावी.

२. बॅटरी फुगली असेल, फार तापली असेल किंवा तिच्यातून आम्ल उकळून बाहेर येत असेल, तर तिला हात न लावता दूर राहावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत पोहोचले, तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून जवळ विडी, आगकाडी वा कंदील आणू नये. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे व डॉक्टरांकडे जावे.

३. सर्व स्विच बंद करावेत. जळका वास, वितळलेले वेष्टण व काळवंडलेली टोके पाहत बॅटरीपासून अल्टरनेटर व स्टार्टरपर्यंतच्या तारा तपासाव्यात.

४. बॅटरी थंड झाल्यावर तिच्या टोकांवर व्होल्टमीटर लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. अगदी रिकामी झालेली बॅटरी चार्जरला उलटी लावली गेली असेल, तर खुणा बरोबर असूनही मीटरचा काटा उलट जातो. अशी बॅटरी पूर्ण रिकामी करून सावकाश योग्य दिशेने भरावी लागते. मात्र तिचे आयुष्य घटते.

दिव्याच्या साहाय्याने दोष शोधणे

वितळलेला फ्यूज बदलून बॅटरी लगेच जोडणे, ही येथील सर्वांत महागडी चूक होय. त्याऐवजी १२ व्होल्ट २१ वॅटचा एक साधा दिवा घ्यावा. बॅटरीचे धन टोक नेहमीप्रमाणे जोडावे. ऋण टोक व सांगाड्याकडे जाणारी तार यांच्यामध्ये मात्र हा दिवा बसवावा. मंडलात कोठे आडमार्ग झाला असला, तरी हा दिवा पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ देत नाही. त्यामुळे नवा जाळ होत नाही. (जेथे धन टोक सांगाड्यास आहे, तेथे दिवा त्या बाजूस लावावा.)

सर्व स्विच बंद असताना दिवा लागला नाही, तर ठीक. तो प्रखर लागला, तर कोठेतरी आडमार्ग झाला आहे. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची मुख्य तार काढावी, तिच्या टोकास चिकटपट्टी गुंडाळावी आणि परीक्षा पुन्हा करावी. आता दिवा विझला, तर दोष डायोडमध्ये आहे, असे समजावे. तो अद्याप लागत असल्यास एकेक मंडल अलग करीत जावे. ज्याला अलग केल्यावर दिवा विझतो, तेथे दोष असतो. मुख्य फ्यूज आधीच वितळला असल्यास त्याच्यापुढचा दोष या परीक्षेत दिसत नाही. म्हणून ठरलेल्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवून, दिवा मध्ये तसाच ठेवून ती पुन्हा करावी.

डायोडची स्वतंत्र परीक्षा मल्टिमीटरने होते. चांगला डायोड एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवितो व उलट दिशेने काहीच जाऊ देत नाही. दोन्ही दिशांनी प्रवाह जात असेल किंवा कोणत्याच दिशेने जात नसेल, तर तो निकामी झाला आहे. पुष्कळदा केवळ डायोडची पट्टी बदलून अल्टरनेटर पुन्हा उपयोगात येतो. संपूर्ण अल्टरनेटर टाकून देण्यापूर्वी ही खात्री करून घ्यावी.

डायनॅमो असल्यास कट्-आउटची टोके पाहावीत. डायनॅमोचे उर्वरित चुंबकत्व उलटले असल्यास त्याच्या क्षेत्राची तार (फ खुणेच्या टोकाची) सोडवून, बॅटरीच्या सांगाड्यास न जोडलेल्या टोकाकडून एक तार त्या टोकास क्षणभरच लावावी. यामुळे योग्य चुंबकत्व परत येते. हे काम कुशल कारागिराच्या देखरेखीखाली करावे.

दुरुस्तीनंतर इंजिन मध्यम गतीने चालवून व्होल्टमीटर पाहावा. दाब साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट असल्यास बॅटरी भरली जात आहे. “चालू इंजिनात बॅटरीची तार काढून पाहू” ही काही ठिकाणची प्रथा सर्वस्वी टाळावी. तसे केल्याने दाब एकदम उसळतो व नुकतेच दुरुस्त केलेले डायोड जळतात.

नवी वाहने

भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारी व मोटारसायकलींस भारत टप्पा सहाचे निकष लागू झाले. त्यामुळे मोटारसायकलीतही इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे आले. अशा वाहनात फ्यूज बदलूनही इंजिन चालू होत नसेल, तर नियंत्रक पेटी उघडण्याचा वा तिला अंदाजाने वीज देण्याचा प्रयत्न करू नये. अशा वाहनांत स्वतःची तपासणी फ्यूजपर्यंतच मर्यादित ठेवावी व पुढचे काम सोनकच्छ, देवास येथील वा जवळच्या जाणकार केंद्राकडे सोपवावे.

चूक टाळण्याचे उपाय

बॅटरी काढण्यापूर्वी धन तारेवर लाल चिकटपट्टी लावावी आणि बॅटरीच्या पेटीजवळ रंगाने + खूण करावी. काढताना सांगाड्याची तार आधी सोडवावी. बसविताना ती सर्वांत शेवटी जोडावी. टोकांवरील क्षार सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी घटात जाऊ देऊ नये.

खुणा पुसल्या गेल्या असतील व मीटर नसेल, तर मिठाच्या पाण्याची परीक्षा करता येते. उघड्या हवेत पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवावे. बॅटरीच्या दोन टोकांपासून वेष्टित तांब्याच्या तारा आणाव्यात, त्यांपैकी एकीत छोटा दिवा जोडावा आणि उघडी टोके पाण्यात एकमेकांपासून दूर धरावीत. ज्या टोकाशी भरपूर बुडबुडे येतात, ते ऋण होय. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. दुसऱ्या टोकाशी तांबे झिजू लागते. ही परीक्षा काही क्षणांतच आटोपावी. शाळेतील विज्ञानशिक्षकांनी कोरड्या विजेऱ्या घेऊन हाच प्रयोग वर्गात दाखविल्यास विद्युत् अपघटनाचा पाठ विद्यार्थ्यांच्या घरच्या ट्रॅक्टरशी जोडला जाईल. घरच्या विजेच्या प्लगातून मात्र हा प्रयोग कधीही करू नये. त्यात जिवास धोका आहे.

ग्रामपंचायत, सहकारी संस्था आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी पेरणीपूर्वी एक दिवस काढून गावातील चालकांना दिव्याची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखविल्यास पुष्कळ खर्च वाचेल. त्यासाठी लागते काय? एक दिवा, दोन हात तार, योग्य क्षमतेचे दोन फ्यूज आणि चूक झाल्यावर चावीवरून हात काढून घेण्याचा संयम. पहिल्या तीन वस्तू ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत आजच ठेवता येतील. चौथी गोष्ट सरावाने येते. आणि आभाळ भरून आले असता, वाफसा निघून जाण्याची भीती समोर असता, तिचीच गरज सर्वांत अधिक असते.