कॉमिक कॉनला निघालीस ना, मग ऐक

अगं छोटे, आईने सांगितलं मला. तू आणि तुझ्या मैत्रिणी ईको गाडी भाड्याने घेऊन मुंबईच्या कॉमिक कॉनला जाणार, टेबल घेऊन पोस्टर, स्टिकर, बॅज विकणार. घरात कुणी नाक मुरडलं तर त्यांच्याशी मी बोलते. असोद्याची पोरगी विज्ञानकथेची चित्रं घेऊन मुंबईत दुकान मांडणार, याचा मला मनापासून आनंद झालाय. म्हणूनच निघण्याआधी चार गोष्टी बोलायच्यात.

आधी मालाचं बघू. तू पाठवलेल्या यादीत स्पायडरमॅन आहे, बेबी योडा आहे, नारुटो आहे. ते सगळं काढ बरं. ती पात्रं दुसऱ्यांच्या मालकीची आहेत, परवाना नसताना त्यांचा माल छापून विकणं कायद्यात बसत नाही. शेजारच्या टेबलावर कुणी विकत असेल तर विकू दे, तू नको. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. २०११ साली दिल्ली हाटमध्ये पहिलं कॉमिक कॉन भरलं, तेव्हापासून हा पसारा खूप वाढलाय. परवानाधारक मोठे स्टॉल तिथे टी-शर्टांचे ढीग लावून बसतात. त्यांच्याशी भावात तू टिकायची नाहीस. स्पायडरमॅन घ्यायला तुझ्या टेबलापर्यंत कुणी कशाला येईल?

तुझ्याकडे जे आहे ते त्या आख्ख्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसेल, असं कर. ते तू काढलेलं चित्र आठवतं? भरताच्या वांग्याच्या आकाराचं हिरवं यान, अंगावर पांढरे पट्टे, खाली केळीच्या बागा, आणि बांधावरचा म्हातारा वर बघून विचारतोय, "कुठी चालला रे भो?" ते पोस्टर कर, मोठं कर. २०१६ साली जळगावच्या भरीत-वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ही ओळ मागच्या बाजूला बारीक अक्षरात टाक, लोकांना अशा गोष्टी आवडतात. आणि बोली पुसू नकोस, बैन. आपल्याच गावात जन्मलेल्या बहिणाबाईंची गाणी त्या गेल्यानंतर, १९५२ साली, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि आचार्य अत्र्यांनी छापून आणली ती आपल्या बोलीतच. महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. तू कशाला कचरतेस?

आता विज्ञानकथेचं. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो. ज्यूल व्हर्न १९०५ साली गेला, वेल्स १९४६ साली. त्यांच्या मूळ कथांवर तू स्वतःची चित्रं काढू शकतेस. व्हर्नची चंद्रसफर मराठीत 'केरळकोकिळ' मासिकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच आणली होती, म्हणजे आपलं हे वेड काही कालचं नाही. तोफेतून चंद्राकडे निघालेला गोळा आणि खाली धोतर-पागोट्यातली माणसं तोंडावर हात ठेवून बघतायत, असं काहीतरी काढ ना! फक्त भा. रा. भागवतांच्या भाषांतरातली वाक्यं उचलू नकोस, भाषांतराचा हक्क वेगळा असतो. जयंत नारळीकर तर २०२५च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या कथांवर काही छापायचं तर रीतसर परवानगी हवी. त्यापेक्षा त्यांची पुस्तकंच ठेव. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', जोडीला लक्ष्मण लोंढ्यांचं 'दुसरा आइन्स्टाइन'. प्रकाशकाला आधीच विचार, विक्रेत्याची सवलत मिळते का आणि उरलेल्या प्रती परत घेतात का. घेत नसतील तर थोड्याच उचल.

पुस्तकं कोण घेणार, असं तू विचारशील. पोरांबरोबर आलेले आईबाप घेणार! पोरगं केसांना निळा रंग लावून मित्रांत पांगतं आणि बाप पिशवी धरून उभा राहतो. त्याला तिथलं काही ओळखीचं वाटत नाही. तुझ्या टेबलावर नारळीकर दिसले की तो थांबेल, कारण शाळेत असताना त्याने ते वाचलेत. त्याच्याशी बोल. त्याला सांग की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नावाचं वजन नको, कथा कथेच्या बळावर उभी राहू दे, एवढा त्यांचा स्वतःच्या कामावर विश्वास. तुलाही तिथे कुणी ओळखत नाही. चित्र चांगलं असेल तर ते पुरे आहे.

पैशाचं मात्र डोळे उघडे ठेवून कर. टेबलाचं भाडं, पेट्रोल, टोल, राहणं, जेवण, छपाई, सगळं एका कागदावर मांड. समज, माल सोडून वरचा खर्च पंधरा हजार झाला आणि नगामागे चाळीस रुपये सुटत असतील, तर पावणेचारशे नग विकल्यावर कुठे खर्च भरून निघतो. म्हणून नुसत्या स्टिकरवर जाऊ नकोस, दोन-तीनशे रुपयांचं पोस्टर हवंच. मोठा स्टॉल घेऊ नकोस. स्वतःची कामं विकणाऱ्या चित्रकारांसाठी छोटी टेबलं असतात, त्याला आर्टिस्ट अ‍ॅली म्हणतात, तिथे अर्ज कर आणि आयोजकांची नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाच. कार्यक्रम कधी गोरेगावला झालाय, कधी वांद्रे-कुर्ला संकुलात. जागा पक्की कळल्याशिवाय राहण्याचे पैसे भरू नकोस.

रस्ता तुला माहीत आहे. एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक. इगतपुरीपासून समृद्धी महामार्ग धरता येतो, जून २०२५ पासून तो भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झालाय, कसाऱ्याचा घाट टळतो. पहाटे निघा. रात्रीचा प्रवास नको म्हणजे नको, ड्रायव्हर कितीही म्हणाला तरी. दुसऱ्या दिवशी दहा-बारा तास उभं राहून हसतमुखाने बोलायचंय, झोप झालेली हवी. पोस्टर गुंडाळून प्लास्टिकच्या नळ्यांत ठेव, मुंबईच्या दमट हवेत कागद लगेच मऊ पडतो. पुस्तकांची खोकी लहान कर, मोठी भरलीस तर तुम्हा पोरींना उचलणार नाहीत. भरीत न्यायचा मोह होईल, पण ते टिकणार नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ने.

क्यूआर कोड छापून टेबलावर चिकटव, पण त्यावरच विसंबू नकोस. गर्दीत नेटवर्क बसतं. दहा-वीस-पन्नासच्या नोटा भरपूर ठेव. प्रत्येक वस्तूवर किंमत लिही; बरेच लोक विचारायला लाजतात आणि पुढे निघून जातात. एक जण कायम टेबलावर, एक फिरायला, एक जेवायला, अशी पाळी लाव. गल्ल्याची पेटी एकीच्याच ताब्यात. मैत्रिणींमध्ये नफ्या-तोट्याची वाटणी निघण्याआधी लिहून सही कर. परत येताना गाडीत पैशावरून बोलाचाली झाली की सहलही जाते आणि मैत्रीही जाते.

लोक चित्र हातात घेतील, उलटं करून बघतील, ठेवून देतील. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या अमळनेरला साहित्य संमेलन भरलं होतं, तिथल्या ग्रंथप्रदर्शनातही लोक असंच करत होते, आणि त्यातलेच कितीतरी जण तासाभराने फिरून परत येत होते. तेव्हा मन खट्टू करून खुर्चीत बसून मोबाईल बघू नकोस. उभी राहा. "हे आमच्या असोद्याचं यान आहे," एवढं म्हण, पुढचं ते विचारतील.

पहिल्या दिवशी रात्री काय गेलं, काय नाही, ते लिहून काढ आणि मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी. दुसऱ्या दिवशी कशाचा भाव कमी करायचा आणि कशाचा मुळीच नाही, ते आपण दोघी मिळून ठरवू. वांग्याच्या यानाचा भाव मात्र मी तुला एका रुपयानेही पाडू देणार नाही.