आगाऊ फी ही अमानत : डब्लिनच्या इंग्रजी शाळांचा धडा

परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणे हा आज एक मोठा व्यापार आहे. केंब्रिज विद्यापीठाने परकीयांच्या इंग्रजीची पहिली परीक्षा १९१३ साली घेतली तेव्हा अवघे ३ उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. आज ब्रिटन, माल्टा, आयर्लंड या देशांत दरवर्षी हजारो विद्यार्थी केवळ इंग्रजी शिकायला जातात. शाळेला फी मिळते, खोली देणाऱ्या कुटुंबाला भाडे मिळते, दुकानदाराचा गल्ला भरतो.

या धंद्याचे एक वैशिष्ट्य आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. यात गिऱ्हाईक सगळे पैसे आधी मोजतो आणि माल मात्र पुढे कित्येक महिने थोडा थोडा घेतो. जो कोणी बयाणा किंवा ॲडव्हान्स घेऊन काम करतो, त्याला यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

धंद्याची रीत

ब्राझील, मेक्सिको अशा देशांतील तरुण आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे येतात. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला तेथे आठवड्याला २० तास नोकरी करण्याची मुभा असते, म्हणून ओढा मोठा. मात्र राहण्याची परवानगी मिळण्यापूर्वी कोर्सची फी भरलेली असावी लागते. तेव्हा शाळेच्या हाती पहिल्या दिवशीच रोख रक्कम येते. त्यातून विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटाचे कमिशन जाते. शिक्षकांचा पगार आणि जागेचे भाडे पुढे दर महिन्याला द्यावे लागते.

हिशेब कोठे बिघडतो?

समजा, २५ आठवड्यांच्या कोर्सची फी २,५०० युरो आहे आणि ४० विद्यार्थ्यांनी ती भरली. शाळेकडे १ लाख युरो जमले. पहिला आठवडा संपला तेव्हा शाळेने कमावले किती? फक्त ४,००० युरो. उरलेले ९६,००० युरो पेटीत असले तरी ते शाळेचे नाहीत. ते विद्यार्थ्यांचे देणे आहे, शिकवून फेडायचे.

चालकाने ही रक्कम आपली समजली की घसरण सुरू होते. तो दुसरी शाखा काढतो, जुनी उधारी फेडतो, शेजारच्या शाळेशी स्पर्धा म्हणून फी उतरवतो. मग जुन्या विद्यार्थ्यांच्या शिक्षकांचा पगार नव्या विद्यार्थ्यांच्या फीतून निघू लागतो. नवे प्रवेश येत आहेत तोवर गाडा चालतो. प्रवेश थांबले की पगार थांबतात आणि एके दिवशी दाराला कुलूप लागते.

आयर्लंडमध्ये २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत दहाहून अधिक खाजगी शाळा अशा बंद पडल्या. त्यांपैकी काहींचा खरा धंदा शिकवण्याचा नव्हताच. व्हिसासाठी नाव नोंदवून देणे एवढाच होता. घरून कर्ज काढून आलेल्या मुलांची फी बुडाली. शिक्षकांचे पगार राहिले. सचोटीने चालणाऱ्या शाळांकडेही लोक संशयाने पाहू लागले. एकाची लबाडी साऱ्या बाजाराला भोवते ती अशी.

सरकारचे उपाय

२०१५ साली आयर्लंड सरकारने नवे नियम जाहीर केले. आगाऊ फी वेगळ्या, सुरक्षित खात्यात ठेवावी. शाळा बंद पडल्यास विद्यार्थ्याची दुसरीकडे सोय व्हावी किंवा पैसे परत मिळावेत. शाळेचा मालक कोण हे उघड असावे. कोर्सच्या शेवटी परीक्षा व्हावी. राहण्याची परवानगी १२ महिन्यांवरून ८ महिन्यांवर आली. २०१९ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या संरक्षणासाठी निधीचीही तरतूद केली.

आपण काय घ्यावे?

पुण्यात इराण, येमेन, अफगाणिस्तान आदी देशांचे विद्यार्थी येतात आणि अनेकांना आधी इंग्रजी पक्के करावे लागते. असे वर्ग चालवणाऱ्यांना हा धडा जसाच्या तसा लागू आहे. परंतु लग्नसराईची शिलाई घेणारा टेलर, फर्निचरची ऑर्डर घेणारा सुतार, उमराहची बुकिंग करणारा टूरवाला यांचाही मामला याच जातीचा आहे. म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवतो.

१) ॲडव्हान्सची वही वेगळी ठेवा, जमल्यास बँकेचे खातेही वेगळे ठेवा.

२) जेवढे काम पुरे झाले तेवढीच रक्कम त्या वहीतून कमाईत घ्या. कच्च्या मालासाठी पैसे काढले तर त्याच गिऱ्हाइकाच्या मालासाठी काढा.

३) काम रद्द झाले तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे पावतीवरच लिहून द्या. तोंडी वायदा वादाचे मूळ ठरतो.

४) आजारपण किंवा अडचण आल्यास आपले काम कोण पुरे करील, हे एखाद्या विश्वासू धंदेबंधूशी आधीच ठरवून ठेवा.

दर शनिवारी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : आज सगळ्या गिऱ्हाइकांनी पैसे परत मागितले, तर देता येतील काय? उत्तर ‘नाही’ असेल तर नवी ऑर्डर घेण्याआधी जुनी पुरी करावी. हाती आलेला पैसा आणि कमावलेला पैसा यांतले अंतर ज्याने ओळखले, त्याच्या दुकानावर गिऱ्हाईक निर्धास्तपणे पुन्हा येते.