आजार छातीचा, तपासणी लिव्हरची का?

प्रश्न : माझ्या भावाला टीबीच्या गोळ्या सुरू आहेत. रक्ततपासणीत एसजीपीटी ६२ आलं. हे एसजीपीटी काय असतं? छातीच्या आजारात लिव्हर कुठून आलं? आणि सोबत बी-६ची गोळी कशाला?
– एक वाचक, बाभुळगाव, जि. यवतमाळ

उत्तर : एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींतलं एक एन्झाइम. तुरीचं वरण खाल्लं की त्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात आणि रक्तावाटे लिव्हरमध्ये पोचतात. तिथे एसजीपीटी अ‍ॅलनिन या अमिनो आम्लातला नायट्रोजनचा गट काढून दुसऱ्या रेणूला जोडतं. उरलेल्या भागाची गरजेनुसार साखर होते. जादा नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो.

हे सगळं पेशीच्या आत चालतं. पेशीला इजा झाली की एन्झाइम रक्तात पाझरतं. म्हणजे आकडा वाढला तो लिव्हरचं काम वाढलं म्हणून नव्हे, गळती झाली म्हणून.

टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन लिव्हरला बाधू शकतात. रिफाम्पिसिन तर औषधं मोडणारी लिव्हरची एन्झाइमं वाढवतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि मधुमेहाची काही औषधं कमी पडतात. दुसरी कुठलीही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालाच.

आता बी-६. त्याच्याशिवाय एसजीपीटीचं काम चालत नाही आणि नसांनाही ते लागतं. आयसोनियाझिड नेमकं तेच अडवतं, मग हातापायांना मुंग्या येतात. बी-६ची छोटी गोळी ती तूट भरून काढते. लिव्हरची इजा मात्र तिने टळत नाही.

एसजीपीटी साधारण ४०पर्यंत असावं. लॅबनुसार थोडा फरक पडतो. ६२सारखी किरकोळ वाढ अनेकांना होते आणि बहुतेकदा गोळ्या चालू असतानाच उतरते. त्रास होत असताना आकडा तिपटीवर, किंवा काहीच त्रास नसताना पाचपटीवर गेला, तर डॉक्टर औषधं थांबवून नंतर एकेक करून पुन्हा सुरू करतात. भावाने आपल्या मनाने गोळ्या सोडू नयेत. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला जुमानेनासे होतात. दारू मात्र पूर्ण बंद.

रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या किंवा जेवणावरची वासनाच उडाली, तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.