सडा आणि समुद्र : परिसर-अभ्यासाचे दोन पाठ

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याचा सडा अनेक ठिकाणी थेट समुद्रात घुसलेला आढळतो. वैशाखात हा कातळ तापून काळवंडतो. म्हणून त्यास ‘पडीक’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही समजूत कितपत खरी, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून ठरवावे. त्यासाठी पुढील दोन पाठ योजावेत.

पहिला पाठ भाद्रपदातील. पावसाच्या आरंभी सड्यावर दिपकाडीची पांढरी फुले येऊन जातात. भाद्रपदात गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले पसरतात. येथील माती बोटभर जाडीची व निकस असते. ही उणीव काही वनस्पती कीटक पकडून भरून काढतात. सीतेच्या आसवांच्या मुळाशी सूक्ष्म जीव ओढून घेणाऱ्या बारीक पिशव्या असतात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात. विद्यार्थ्यांनी सुतळीने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा, त्यातील वनस्पतींचे प्रकार मोजावेत, स्थानिक नावे घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळवावीत. फुले तोडू नयेत. बी धरले नाही तर पुढील वर्षी त्या जागी रोप उगवणार नाही. पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी व खालच्या खडकांवर कोणासही जाऊ देऊ नये.

दुसरा पाठ माघातील. समुद्र शांत असताना टेकाडावरून कधी डॉल्फिनांच्या पाठी दिसतात. पौर्णिमेस व अमावास्येस ओहोटी सर्वांत खोल जाते, परंतु ती पहाटे व सायंकाळी सहाच्या सुमारास येते. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. म्हणून पौर्णिमेनंतरचा दुसरा किंवा तिसरा दिवस निवडल्यास सकाळच्या उजेडात खडक मोकळे मिळतात. नेमकी वेळ गावच्या कोळी बांधवांस विचारावी. डबक्यांत खेकडे, कालवे व समुद्रफुले पाहावीत. उचललेला दगड होता तसाच ठेवावा. पाणी चढू लागताच परतावे.

परतताना भाद्रपदातील चौकोन पुन्हा पाहावा. तेथे आता वाळलेल्या काड्याच असतील, परंतु बी मातीत आहे. चिऱ्यांच्या खाणीत हा थर खरवडला गेला की बीही जाते, आणि सड्यावर मुरून खालच्या विहिरींना मिळणारे पाणीही कमी होऊ शकते. या दोन नोंदी समोर ठेवून ‘सडा पडीक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहावे. शिक्षकाने ते आधी सांगू नये.