धोंडस
कोकणात जून काकडीला तवसे म्हणतात. पावसाळ्याच्या अखेरीस कोणाचा वाढदिवस आला, की कित्येक घरांत आजी तवसे किसते. भाजलेला तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे त्या किसाच्याच रसात शिजतात. वेगळे पाणी लागत नाही. मग मिश्रण पातेल्यात थापून खाली व झाकणावर निखारे ठेवीत. आता हे काम विजेची भट्टीही करते. नुसती खालून आच दिली, तर तळ करपतो आणि माथा ओला राहतो. खुपसलेली काडी कोरडी निघाली, की धोंडस झाले. औक्षणानंतर ज्याचा वाढदिवस, त्याला पहिली वडी मिळते.

मुलांनो, आजीचे माप तिच्या मुठीत असते. ते कोठे लिहिलेले नसते. तिचे हात थकण्यापूर्वी शेजारी बसून ते शिकून घ्यावे.