तळाला गेलेली टीम, आणि थांबण्याचा खर्च

व्हिडिओत कोलोरॅडो ॲव्हलांच या टीमची गोष्ट घाईत सांगून झाली. इथे जरा सावकाश बघू, कारण आपल्या कामाचं सगळं तपशिलात आहे. आइस हॉकी कळत नसली तरी बिघडत नाही. अमेरिका-कॅनडाची एनएचएल ही त्यातली सगळ्यात मोठी लीग आणि स्टॅनले कप हा तिचा चषक, एवढं पुरे.

२०१६-१७ च्या हंगामात डेन्व्हरची ही टीम ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकली. ४८ गुण, लीगमध्ये शेवटचा नंबर. आधीचा कोच ऐन ऑगस्टमध्ये सोडून गेला होता आणि नव्या जॅरेड बेडनारला तयारीला जेमतेम महिना मिळाला होता. आपण काय केलं असतं? बेडनारला नारळ दिला असता आणि मोकळे झालो असतो. जनरल मॅनेजर जो सॅकिकने त्याला ठेवलं. मॅकिनन, रँटानेन, लँडेस्कॉग हे तरुण खेळाडूही ठेवले.

पण मॅट डुशेनला टीम सोडायची होती. सॅकिकने पहिल्या गिऱ्हाइकाला होकार दिला नाही. नोव्हेंबर २०१७ पर्यंत ताणून धरलं आणि त्याच्या बदल्यात कोवळे खेळाडू आणि पुढच्या ड्राफ्टमधले हक्क घेतले. ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू निवडायची पाळी. त्यातल्या एका हक्कावर २०१९ मध्ये बोवेन बायरम आला. बाकीच्यांपैकी काही जण मोठे झालेच नाहीत, हेही लक्षात ठेवा. दहा रोपं लावली की दहाही जगत नाहीत.

२०१७ च्या ड्राफ्टमध्ये तर नशीबही रुसलं. शेवटच्या टीमला पहिली पाळी मिळायची शक्यता सर्वात जास्त असते, पण सोडतीत हे चौथ्या नंबरवर घसरले. तिथे त्यांनी केल मकारला घेतलं. तो पुढची दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला. एप्रिल २०१९ मध्ये थेट प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल!

लगेच कप मिळाला का? छे. २०१९, २०२०, २०२१, तिन्ही वेळा दुसऱ्या फेरीत बाहेर. बेडनार तरीही कोच. २०२२ मध्ये टॅम्पा बे ला ४-२ ने हरवून कप जिंकला, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मकार.

आता आपल्या दुकानाकडे या. समजा तुमची मिठाईची भट्टी आहे, जुना कारागीर जातो म्हणतोय आणि हाताशी एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. "सर, त्यालाच तयार करतो," असं मला बरेच जण उत्साहाने सांगतात. करा की! पण एक फरक बघा. मकार दोन वर्षं घडत होता ते विद्यापीठात, टीमच्या पगारावर नाही. तुमचा मुलगा पहिल्या दिवसापासून पगार घेणार, वर पाक बिघडवणार, दूध नासवणार. थांबण्याचा खर्च तुमच्या गल्ल्यातून जाणार आहे. सहा महिने झेपेल की दोन, हे आधी मांडा. अर्ध्यात सोडलात तर पैसेही गेले आणि मुलगाही गेला.

आणि सगळं घरचंच हवं असा हट्टही नको. कप जिंकणाऱ्या टीममध्ये काद्री, टेव्ज आणि गोलकीपर केम्पर हे तिघं बाहेरून आणलेले होते. जिथे चूक परवडत नाही, तिथे तयार माणूस घ्यावा, असं माझं मत. भट्टीवर तयार कारागीर, मुलगा त्याच्या हाताखाली.

आजचा गृहपाठ: वहीत तुमच्याकडच्या शिकाऊ माणसांची नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने: काय शिकायचंय, किती महिने, कोण शिकवणार. तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो. तो आधी भरा.